हात भरून येतो तेव्हा

प्रस्तरारोहण, म्हणजे कमरेला दोर बांधून उभा कातळ चढण्याचा खेळ. आपल्या वस्तीत हा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "याचे पैसे मिळतात का?" प्रश्न चुकीचा नाही. ज्याच्या घरी दोन वेळची चूल हजेरीवर पेटते, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मी त्याचे उत्तर देतो : बहुधा मिळत नाहीत. तरीही हा लेख लिहितो आहे, कारण माझ्या भाचीने हा खेळ धरला. तिचे हात वरती टिकेनात. ते टिकवण्यासाठी आम्ही टेंभुर्णीत जे प्रयोग केले, ते तुमच्या घरातल्या मुला-मुलींनाही उपयोगी पडतील. पोलीस भरतीला उतरणारा, सैन्य भरतीच्या बीमला लटकणारा, मल्लखांबाची दोरी चढणारा, या सगळ्यांचे दुखणे एकच आहे. कोपराखालचा हात दगडासारखा टणक होतो आणि बोटे आपोआप उघडतात.

भाची कॉलेजला शहरात आहे, वसतिगृहात राहते. एन.सी.सी.मधून तिला या खेळाची ओळख झाली. मग रविवारी काही मुलामुलींबरोबर ती कातळावर सरावाला जाऊ लागली. पहिली वीस-पंचवीस फूट ती खारीसारखी जायची. त्यानंतर तिला हात सोडावा लागे आणि ती दोराला लोंबकळत राही. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "मामा, भीती नाही वाटत. डोकं म्हणतं धर, पण बोटं ऐकतच नाहीत." तिच्या सोबतच्या एका जाणकाराने तिला यादी दिली होती : बोटांच्या व्यायामाची लाकडी फळी, व्यायामशाळेची फी, पुण्या-मुंबईच्या कृत्रिम भिंतीवर महिनाभर सराव. मी बी.कॉम. झालेला कारकून. यादी पाहिली की बेरीज आपोआप होते. ती बेरीज आमच्या अक्काच्या कापूस वेचणीच्या हंगामाइतकी भरली. दाजींनी कागद घडी करून परत दिला आणि म्हणाले, "पोरी, तू आपली परीक्षेचं बघ."

हा नकार दाजींच्या मनाचा नव्हता, खिशाचा होता, हे तिलाही कळत होते. पण खेळ सुटला असता. म्हणून मी आधी हे समजून घ्यायचे ठरवले की हात भरून येतो म्हणजे नक्की काय होते.

वाचकांनो, आपल्या बोटांत बोटे मिटवणारे स्नायू नाहीतच. ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये आहेत. तिथून कंडरा, म्हणजे चिवट दोऱ्या, मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीसारखा प्रकार. मूठ आवळली की हे स्नायू फुगतात आणि स्वतःतूनच जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबतात. आपल्या पूर्ण ताकदीच्या साधारण निम्म्याहून जास्त जोराने धरले, तर त्या स्नायूंचा रक्तपुरवठा जवळजवळ बंद पडतो. प्राणवायू येत नाही, तयार झालेली आम्ले आणि क्षार बाहेर जात नाहीत. मूठ सैल केली की रक्ताची वाट पुन्हा मोकळी होते. माझ्या भाषेत सांगायचे तर धरणे हा खर्च आणि सोडणे ही जमा. भाची वीस-पंचवीस फूट नुसता खर्च करत जात होती. खात्यात शिल्लक नव्हती असे नाही, ती जमेची नोंदच करत नव्हती.

एका संध्याकाळी अंगणात आम्ही पोरांच्या आग्रहाने शर्यत लावली. दहा-दहा लिटरच्या दोन भरलेल्या बादल्या दोन हातांत धरून कोण किती वेळ उभे राहते ते मोबाईलवर मोजायचे. भाची पावणेदोन मिनिटे टिकली. माझा आकडा छापण्यासारखा नाही. अक्का चुलीजवळ भाकरी थापत होती, तिलाही ओढून आणले. चार मिनिटे होत आली तरी अक्का उभीच. शेवटी "माझी भाकर करपायली" म्हणून तिनेच बादल्या ठेवल्या.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाची म्हणाली, "आई, तुझे हात मला दे."

अक्का म्हणाली, "घे बाई. पण रातच्याला मुंग्या येत्यात, हात मेल्यावानी होत्यात, ते पण घे. सकाळी चहाचा कप धरवत नाही मला."

अंगणात एकदम शांत झाले. मला हे माहीतच नव्हते. अक्का कापूस वेचते, आणि आमच्या भागात बियाणे कंपन्यांसाठी जे शेडनेट आहेत त्यात क्रॉसिंगचे काम करते. चिमटीने फुलाचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या फुलाचे पराग लावायचे, दिवसभर तेच. लहानपणी आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती आणि खोलही होती. तेव्हापासून पोहरा ओढत आलेले हे हात आहेत. असे हात आपल्या घरोघरी आहेत. मग अक्काचा हात भाचीपेक्षा दुप्पट टिकतो, आणि तोच हात रात्री मरतो, हे कसे?

मनगटात एक अरुंद बोगदा असतो. बोटांच्या दोऱ्या आणि एक मज्जातंतू त्यातून जातात. वर्षानुवर्षे विश्रांती न मिळता तीच ती हालचाल झाली की आत सूज येते, मज्जातंतू दाबला जातो, आणि अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे रात्री बधिर होतात. याला डॉक्टर कार्पल टनेल म्हणतात. काम तेच, स्नायू तेच. पण वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. हात थांबला की काटा थांबतो, म्हणून अक्का थांबत नाही. खेळाडू मात्र सात सेकंद धरतो, तीन सेकंद सोडतो, दोन दिवस आराम करतो, अंडी खातो, आणि त्याला आपण सराव म्हणतो. कष्टाने हात मजबूत होतात असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला त्या संध्याकाळपासून पटत नाही. कष्टामागोमाग विसावा आणि अन्न मिळाले तर हात मजबूत होतात, नाहीतर झिजतात. मजुराच्या राकट हातांवर कौतुकाने बोलणाऱ्या मंडळींनी त्या हातांना रात्री काय होते हेही कधी विचारावे.

म्हणून भाचीचा सराव ठरवताना आम्ही घरातली कामेच घेतली, पण ती कामासारखी करायची नाहीत असा नियम केला.

पहिला प्रकार बादलीचा. बादलीत किडलेली ज्वारी भरली. खायच्या ज्वारीत हात घालायला अक्काने साफ मनाई केली आणि ते बरोबरच होते. मनगटापर्यंत हात दाण्यांत खुपसायचा. मूठ मिटायची, मग दाण्यांच्या भाराविरुद्ध पाची बोटे पसरायची, मग मनगट डावीकडे-उजवीकडे फिरवायचे. अर्धा मिनिट एक प्रकार, मग थोडा दम. परदेशात बेसबॉलचे खेळाडू हेच तांदळाच्या बादलीत करतात. यातली बोटे पसरण्याची हालचाल फार महत्त्वाची आहे. चढणारा माणूस रात्रंदिवस मिटणारे स्नायूच वापरतो, उघडणारे स्नायू दुबळे राहतात आणि मग कोपर दुखू लागते. सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक वादी कापून पाची बोटांभोवती घालायची आणि बोटे उघडायची, हाही त्यावरच उपाय. पंक्चरच्या दुकानात अशी ट्यूब फुकट मिळते.

दुसरा प्रकार धुण्याचा. ओली वाकळ पिळणे यासारखा कोपराखालच्या हाताचा व्यायाम मला दुसरा दिसला नाही. फक्त आपण नेहमी एकाच बाजूला पिळतो. ती दोन्ही बाजूंनी पिळायची. भाची सुट्टीभर घरातले जड धुणे पिळत होती, त्यामुळे अक्काच्या मनगटालाही तेवढाच आराम. हा या सगळ्या प्रयोगातला मला सर्वांत आवडलेला भाग.

तिसरा प्रकार वर्तमानपत्राचा, आणि तो खेळाडूंमध्ये जुना आहे. पत्राचे एक पूर्ण पान जमिनीवर पसरायचे आणि एका हाताच्या बोटांनीच, दुसऱ्या हाताची किंवा पोटाची मदत न घेता, त्याचा घट्ट गोळा करायचा. तीन पाने झाली की हात पेटतो. हे साप्ताहिक वाचून झाल्यावर वापरायला हरकत नाही, मात्र बाबासाहेबांचा फोटो असलेले पान काढून ठेवावे. आमच्याकडे भाचीने ते न सांगता केले.

मग काठी आणि वीट. हातभर लांब काठीच्या मध्यावर दोरी बांधायची, दोरीच्या टोकाला वीट. दोन्ही हात पुढे करून काठी फिरवत वीट वर गुंडाळायची. वर घेणे सोपे, सावकाश खाली सोडणे अवघड. वीट दाणकन सोडली तर फायदा निम्मा. आणि पायाची बोटे सांभाळा.

लटकण्यासाठी फळी नव्हती. लिंबाच्या जाड फांदीवर पंचा टाकला, त्याची दोन टोके दोन मुठींत, आणि पायाखाली स्टूल. स्टूल यासाठी की सगळा भार बोटांवर येऊ नये. सात सेकंद धरायचे, तीन सेकंद सोडायचे, असे सहा वेळा, म्हणजे एक मिनिट. मग तीन मिनिटे पूर्ण विसावा. असे चार फेरे, आठवड्यातून दोनच दिवस. पहिल्या आठवड्यात भाचीला हे फार थोडे वाटले. तिला रोज करायचे होते. मी नाही म्हटले. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. हाताला जोर आला म्हणून बोटांवर भार टाकला तर बोटाच्या मुळाशी दोरी धरून ठेवणारे बंध तुटतात आणि खेळाडू कित्येक महिने घरी बसतो.

सर्वांत उपयोगी ठरला तो प्रकार मात्र ताकदीचा नव्हताच. आमच्या शेताच्या कडेला दगडी ताल आहे, छातीइतक्या उंचीची. जमिनीपासून फूटभर उंचीवर तिच्या खाचांना धरून आडवे सरकत जायचे आणि परत यायचे, पंधरा-वीस मिनिटे सलग. अट एकच, हात भरून येता कामा नये. भरू लागला की मोठ्या खाचेवर थांबायचे, पायावर भार घ्यायचा आणि एक हात सोडून झटकायचा. सोपे वाटते, म्हणून मुले कंटाळतात. पण अशा हलक्या आणि लांब सरावानेच स्नायूत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, असे या खेळाचे जाणकार सांगतात. हात झटकण्याचीही रीत आहे. एरिक हॉर्स्ट नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने ती लोकांपर्यंत नेली. हात नुसता खाली लोंबकळत ठेवायचा नाही. पाच-सात सेकंद खाली, मग तेवढाच वेळ डोक्याच्या वर, पुन्हा खाली. वर धरल्यावर वापरलेले रक्त हृदयाकडे परत जायला मदत होते. विंचवांची काळजी म्हणून ताल आधी काठीने झोडपून घ्यावी, हे कुठल्या पुस्तकात नसेल, पण जालना जिल्ह्यात जरूर आहे.

याच तालीवर आम्ही आणखी एक गोष्ट केली. खाच धरायची आणि पकड हळूहळू सैल करत जायची, अगदी निसटेल असे वाटेपर्यंत. मग त्याच्या किंचित वर थांबायचे. भाचीच्या लक्षात आले की जितक्या जोराने ती धरत होती, त्याच्या निम्म्या जोरातही ती पडत नव्हती. उरलेला जोर भीतीचा होता. "भीती नाही वाटत" असे ती म्हणाली होती खरी, पण मुठीला वाटत होती. आता ती श्वास रोखून धरत नाही. चढताना तोंडाने फुंकर घातल्यासारखा आवाज करते, तिला सगळे हसतात.

याच काळात आणखी एक गोष्ट उघड झाली. ती फार लवकर दमते आणि तिचे डोळे आतून पांढरे दिसतात, हे अक्काने हेरले. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासले, हिमोग्लोबिन 9.4 निघाले. बाईमाणसाचे ते 12 तरी हवे. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी असेल तर हात भरून येणारच, मग कितीही वाकळा पिळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. आपल्या मुली खेळात मागे पडतात तेव्हा त्यांच्या जिद्दीवर बोलण्याआधी त्यांचे रक्त तपासा. लोहाच्या गोळ्या केंद्रात मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. भाचीने तीन महिने घेतल्या. वसतिगृहात जाताना अक्काने शेंगदाणे आणि गुळाचा डबा दिला.

दाजी मात्र अजून राजी नव्हते. "हे डोंगर चढणं मोठ्या लोकांचं," असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना मालावत पूर्णा आणि साधनापल्ली आनंदकुमार यांची हकीकत सांगितली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या समाजकल्याण निवासी शाळांची ही मुले. पूर्णा आदिवासी, शेतमजुराच्या घरची. आनंद दलित घरातला. 25 मे 2014 रोजी, तेलंगण राज्य अस्तित्वात येण्याच्या आठ दिवस आधी, दोघे एव्हरेस्टवर पोचले. पूर्णाचे वय तेव्हा 13 वर्षे 11 महिने. त्यांची सुरुवात बर्फावर झाली नाही, भोंगीरच्या किल्ल्याच्या त्या एका अखंड कातळावर झाली. पुढे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी मे 2018 मध्ये एव्हरेस्टवर गेले. प्रस्तरारोहण आता ऑलिंपिकमध्येही आहे, 2021 साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेपासून. 2016 साली तर या खेळाचा जागतिक चषक नवी मुंबईत भरला होता. दाजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पूर्णाच्या बापाला काळजी वाटली नसंल का?" वाटलीच असणार. मग ते स्वतः एका रविवारी भाचीबरोबर सरावाला गेले, दोर कुठे बांधतात, कोण धरतो, डोक्याला टोप आहे की नाही, हे सगळे पाहून आले. पालकांनी हे करावेच. जमिनीपासून चार फुटांच्या वर दोराशिवाय आणि जाणकाराशिवाय कुणीही जाऊ नये. सोळा-सतरा वर्षांखालच्या मुलांनी बोटांच्या टोकांवर लटकण्याचे व्यायाम करू नयेत, वाढत्या हाडांना कायमची इजा होते. त्यांना ताल आणि झाड पुरे.

आणखी एक सांगायचे राहिले. आमच्या भागातून अजिंठ्याला सहलीने जाणारी पोरे खाचा दिसल्या की हात घालतात. तो कातळ ज्यांनी छिन्नी-हातोड्याने कोरला त्यांचे कोपराखालचे हात कसे असतील, असा विचार माझ्या मनात हल्ली येतो. पण लेणी ही सरावाची जागा नव्हे. कायद्यानेही नाही.

जानेवारीत भाचीने तो कातळ वरपर्यंत चढला, चौथ्या प्रयत्नात. वाटेत तीन ठिकाणी थांबून हात झटकले, असे तिने फोनवर सांगितले. किती उंच, ते तिने सांगितले नाही. कुठे कुठे थांबली ते मात्र तपशिलाने सांगितले. पुढच्या शिबिराची निवड अजून व्हायची आहे.

अक्काला आम्ही तपासायला नेले. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. क्रॉसिंगच्या बायकांनी मिळून मुकादमाकडे दर दोन तासांनी दहा मिनिटे मागितली आहेत. तो पाच म्हणतो. बोलणी चालू आहेत. बादलीतली ज्वारी अक्काने कोंबड्यांना घातली आणि बादलीत नदीची वाळू भरून ठेवली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी येईल तेव्हा ज्वारी तिला हलकी पडेल, असे तिचे म्हणणे.